सिस्टर, त्यांना थांबवा!

सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, औषध सोडण्याआधी तिचं तोंड अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीनने निदान पंधरा सेकंद घासायचं, वाळू द्यायचं, मगच सिरिंज लावायची. पंधरा सेकंद! पण रात्रपाळीला तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक येते, तिसऱ्याचं सलाईन संपत आलेलं असतं. मग घासणं राहून जातं आणि जंतूंना थेट रक्तात उतरायला वाट मिळते.

हे अटळ नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला. हात धुवा, लाइन टाकताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाका, त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसा, शक्यतो जांघेत लाइन टाकू नका, गरज संपली की काढा. दीड वर्षात या लाइन्समुळे होणारा रक्तातला संसर्ग सुमारे ६६ टक्क्यांनी घटला. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यात नवं औषध नव्हतं. एक मोठी गोष्ट मात्र होती: नियम मोडला जात असेल, तर डॉक्टरांना जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला होता.

आपल्याकडे कुठल्या सिस्टरची हिंमत आहे म्हणायची, ‘सर, थांबा, हात धुतले नाहीत’? हिंमत नसते असं नाही, पाठीशी कुणी उभं नसतं. म्हणून अधिष्ठात्यांनो, शल्यचिकित्सकांनो, हा अधिकार लेखी द्या. तो वापरणाऱ्या सिस्टरला मेमो नको, शाबासकी द्या.

आणि भगिनींनो, बंधूंनो, हा संसर्ग वेळीच ओळखायचा, तर टीपीआर चार्टवर श्वासाचा आकडा अंदाजाने भरू नका. पूर्ण मिनिटभर छातीकडे बघून मोजा. श्वास बावीस किंवा जास्त, वरचं बीपी शंभर किंवा कमी, माणूस अचानक बरळू लागला, तर सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही. तेव्हाच डॉक्टरांना उठवा. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ब्लड कल्चर घ्या, पण त्यापायी डोस लांबवू नका. संसर्गाने बीपी कोसळतं त्या सेप्टिक शॉकमध्ये तासाभराच्या आत औषध शिरेत गेलं पाहिजे.

हे सगळं एकटीने चाळीस खाटा सांभाळत होईल? नाही होणार. अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णामागे एक परिचारिका हवी, असं भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात. रिक्त पदं भरा, ही मागणी एकट्या परिचारिका संघटनेची का असावी? खाटेवर तर आपलीच माणसं असतात. नातेवाइकांनो, तुमचा संताप दमलेल्या सिस्टरवर काढू नका, तो आमदारांच्या दारात न्या. पदं कधी भरणार, ते लेखी मागा.

तोवर रोज राऊंडला एक प्रश्न मोठ्याने विचारा, सिस्टरनेही आणि नातेवाइकांनीही: ‘ही लाइन आज लागणारच आहे का?’ लागणार नसेल, तर ती आजच निघाली पाहिजे.