‘स्मृतिरंजन’ हा निकाल नव्हे

चित्रपट सुखान्त आहे आणि तो गेल्या एखाद्या दशकात घडतो, एवढे दिसले की त्याला ‘स्मृतिरंजन’ म्हणून मोडीत काढण्याची सवय मराठी समीक्षेला जडली आहे. या सवयीने जॉन कार्नी यांचा ‘सिंग स्ट्रीट’ (२०१६) आणि रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ (२०१३) दोन्ही न वाचताच निकालात निघतात. दशक हे कथानकाचे कारण आहे की केवळ नेपथ्य, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

‘सिंग स्ट्रीट’ १९८५च्या डब्लिनमध्ये घडतो. मंदीत घरची मिळकत आटल्यामुळे कॉनरला ख्रिश्चन ब्रदर्सच्या स्वस्त शाळेत जावे लागते. एका मुलीला चित्रफितीत काम देण्याची थाप तो मारतो आणि ती खरी करण्यासाठी बँड उभा करतो. ड्युरान ड्युरान, द क्युअर यांचे न्यू वेव्ह संगीत येथे पार्श्वभूमीला वाजत नाही. थोरला भाऊ ब्रेंडन ज्यांच्या तबकड्या ऐकवतो, त्यांचा पोशाख आणि सूर कॉनर उचलतो. अनुकरणातूनच तो घडतो. १९८५ वजा केले तर कथानक उरत नाही. ‘बालक-पालक’मध्येही चाळीतली मुले प्रौढांच्या मौनाचे उत्तर व्हीसीआरवरच्या कॅसेटींत शोधतात. व्हीसीआर तेथे शोभेची वस्तू नाही. घटना त्यामुळे घडतात.

आक्षेप घ्यायचा तो ‘सिंग स्ट्रीट’च्या शेवटावर. कॉनर आणि रफीना लहानशा बोटीतून इंग्लंडकडे निघतात आणि मागे राहिलेला ब्रेंडन आनंदाने ओरडतो. धाकट्याची वाट आपण कापली, हा त्याचा आधीचा उद्रेक येथे विरून जातो. आनंदात खिन्नता मिसळलेली असते, हे द क्युअरच्या संगीतातून शिकलेला चित्रपट नेमक्या या क्षणी ते विसरतो. चित्रपट भावांना अर्पण केलेला आहे. म्हणजे ऋणाची जाणीव आहे, पण ती अर्पणपत्रिकेपुरती.

रत्नागिरीहून आगबोटीने मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्यांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हे अर्धसत्य खटकेल. गावातच रोजगार मिळावा म्हणून मिरजोळ्यासारख्या ठिकाणी औद्योगिक वसाहती उभ्या कराव्या लागल्या, यातच त्या जाण्यामागची सक्ती दिसते. निघालेल्याची कथा मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या घराशिवाय पुरी होत नसे.

सुखान्ताला हरकत नाही. त्या सुखाची किंमत कोणी मोजली, हे झाकण्याला आहे. समीक्षेने तेथे भांडावे. ‘स्मृतिरंजन’ हा शिक्का मारल्याने ते भांडण केवळ टळते.