चित्राखालचे नाव आणि विकणाऱ्याची पत

धान्याची वानगी तळहातावर घेऊन पारखता येते, सोन्याचा कस दगडावर लावता येतो. परंतु जुन्या चित्राचा कस कोणत्या दगडावर लावावयाचा? आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांत वडिलोपार्जित चित्रे आहेत. वाटणीच्या वेळी किंवा जुना वाडा मोडताना ती भिंतीवरून खाली उतरतात आणि विक्रीचा प्रश्न उभा राहतो. चित्र कोणाचे, असे विचारताच घरातून एकच उत्तर येते: "राजा रविवर्म्याचे!" हे उत्तर विक्रेत्याने गिऱ्हाइकापुढे कितपत ठामपणे उच्चारावे, याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

हे नाव बडोदेकरांना परके नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८८ साली रविवर्मा यांजकडे पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रे सोपविली होती. पुढे १८९४ साली रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या चित्रांच्या रंगीत शिळाछाप प्रती घरोघर पोहोचल्या. त्यांचे बंधू राजराज वर्मा हेही त्यांच्या कामात हात देत असत. शिवाय त्या चित्रांच्या नकला करणारे चित्रकार निराळेच. तेव्हा घरातील 'रविवर्मा' हा त्यांचा स्वतःचा हात, दोघा बंधूंचे काम, कोणाची नक्कल अथवा काचेआड जपलेली छापील प्रत, यांपैकी काहीही असू शकतो. या चौघांच्या मोलात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कोणी म्हणतील, माल समोर आहे, घेणाऱ्याने पाहून घ्यावा. हा युक्तिवाद टिकणारा नाही. घेणारा केवळ कापड आणि रंग घेत नाही, तो नाव घेतो. आणि ते नाव आपण सांगितलेले असते. १८७२ च्या करार कायद्याचे १८ वे कलम येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुरेशा आधारावाचून एखादी असत्य गोष्ट ठामपणे सांगणे, मग सांगणाराचा तिच्यावर विश्वास का असेना, हेही त्यात चुकीचे निवेदन ठरते. 'आजोबा असे म्हणत' हा आधार नव्हे, ती आठवण होय.

इंग्लंडात १९४४ साली एका गृहस्थाने कॉन्स्टेबल या विख्यात चित्रकाराचे म्हणून एक चित्र ८५ पौंडांस घेतले. पाच वर्षांनी ते विकावयास काढले, तेव्हा ते त्यांचे नसल्याचे कळले. १९५० साली न्यायालयाने, फार काळ लोटल्याच्या कारणास्तव, सौदा रद्द करण्यास नकार दिला. विक्रेता जिंकला खरा. परंतु तो सौदा कायद्याच्या पुस्तकांत आजतागायत उदाहरण म्हणून वाचला जातो. असली जीत कोणत्या पेढीस हवीशी वाटेल?

आपल्या परंपरेने तर हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहाराची गणना आहे. तुपात भेसळ न करणाऱ्याने नावात भेसळ का करावी?

यास्तव विक्रीपूर्वी जाणकारास चित्र दाखवावे. अज्ञानाने अस्सल वस्तूही कवडीमोलाने जाते, हेही विसरू नये. विक्रीच्या कागदावर जेवढे ठाऊक तेवढेच लिहावे. 'अमुक यांचे', 'अमुक यांचे असावे', 'त्यांच्या शैलीतील', 'त्यांच्या चित्रावरून केलेली नक्कल' हे शब्द निरनिराळे आहेत व त्यांची किंमतही निरनिराळी आहे. जुनी पावती, चौकटीमागची चिठ्ठी, घरातील छायाचित्र जपावे आणि चित्राबरोबर द्यावे. सही पुसट झाली म्हणून ती उजळून घेऊ नये. परदेशी गिऱ्हाइकाच्या मोठ्या आकड्यासही भुलू नये. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यान्वये रविवर्मा यांची चित्रे कलानिधी ठरली असून ती परदेशी धाडता येत नाहीत.

'असावे' या एका शब्दाने किंमत उतरेल, हे खरे. परंतु तो शब्द वाचून जो घेतो, तो स्वतःच्या पारखीवर घेतो आणि उद्या दारी तक्रार घेऊन येत नाही. चित्र एकदाच विकले जाते. पेढीवरचे नाव मात्र रोज विकावयाचे असते.