दारात बसवलेली काच



या महिन्यात मुलांच्या सुट्टीवर लिहायचे ठरले होते. पण परवा एका निकाहच्या जेवणात शिरूरचे दोन-तीन गाडीवाले भेटले, गोष्ट गाडीच्या पुढच्या काचेवर आली आणि कळले, की आमच्या घरी जे झाले ते एकट्या आमच्याच घरी झालेले नाही. फोन केला की घरी येऊन काच बदलून देणारे आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. म्हणून सुट्टीचा विषय पुढे ढकलला.

जानेवारीत दौंडला खालाच्या घरी जायचे होते. न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस हा आमचा नेहमीचा रस्ता. उसाचा हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यामागे अडकलेल्या गाड्यांची रांग आणि मधेच खडी भरलेले टिपर. पारगावच्या अलीकडे अशाच एका टिपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर टक् असा आवाज झाला. शेजारी बसलेल्या अम्मी दचकल्या. काचेवर रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान चांदणी उमटली होती.

त्याच वेळी शहाणपण केले असते तर पुढचे काहीच घडले नसते. एवढ्या लहान चांदणीत राळ भरून ती बुजवता येते, मात्र ती चालकाच्या नजरेसमोर नसावी आणि काचेच्या कडेला नसावी. आम्ही "बघू" म्हणत आठ दिवस काढले. नवव्या दिवशी दुपारच्या उन्हात तापलेल्या गाडीत एसी सुरू केला आणि त्या चांदणीतून निघालेला तडा आमच्या डोळ्यांदेखत काचेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिडला.

शिरूरहून पुणे सत्तरेक किलोमीटर. गाडी तिकडे नेऊन सोडायची, दिवसभर थांबायचे, म्हणजे एका दिवसाची रजा गेलीच. रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्याला ती परवडत नाही. ज्या घरातले पुरुष बाहेरगावी आहेत तिथे तर गॅरेजच्या चकरा मारायच्या कोणी, हाच प्रश्न. त्यामुळे दारात येऊन काम करणारा माणूस हवासा वाटतो, यात वावगे काही नाही. आम्हीही फोनवर शोधून एक नंबर लावला. कंपनीची काच, घरपोच, तासाभरात काम, असे सांगण्यात आले. निम्मे पैसे आधी फोनवरून पाठवायचे होते. ते पाठवले.

सकाळी दहाला येणारी मुले संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर आली. छोट्या टेम्पोत काच जुन्या रजईत गुंडाळलेली होती, खोका नव्हता. आमच्या दारापुढून कच्चा रस्ता जातो. दर मिनिटाला एखादी मोटारसायकल जायची आणि धुळीचा लोट उठायचा. तारेने जुनी काच कापताना चौकटीवर दोन ठिकाणी रंग खरवडला गेला. एकाने तळहाताने चौकट पुसली, दुसऱ्याने नळीतून काळे सीलंट ओढले. मगरिबची वेळ झाली, अंधारू लागले, तेव्हा आमच्याच मोबाईलच्या उजेडात त्यांनी काच बसवली. "एका तासात गाडी काढा, साहेब, काही होत नाही," म्हणाले. बिल मागितले तर, "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो." ते अजून यायचे आहे.

चार दिवसांनी गाडी सत्तरच्या वेगाने धावली आणि वरच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजू लागली. फोन केला. उत्तर आले, "नवीन काच आहे, बसेल." दुसऱ्या वेळी, "पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे फेरी आहे." तिसऱ्या वेळी, "तुमचा भाग आता आमच्याकडे नाही." चौथ्यांदा कोणी उचललाच नाही. गॅरेजवाला कितीही आडमुठा असला तरी त्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहता येते. इथे उभे राहायचे कुठे?

आम्हीही मग विसरलो, तेही कबूल करायला हवे. शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून मुले गाणी लावत आणि आम्ही लावू देत होतो.

जूनमध्ये मृगाचा पहिला जोराचा पाऊस पाटसजवळ गाठला. अम्मींच्या पायाशी पाणी ठिबकू लागले. त्यांनी आधी पाण्याची बाटली सांडली असेल असे समजून पिशवी उचलली, तर पिशवी खालून भिजलेली. दौंडला पोहोचेपर्यंत पायपुसणे ओलेचिंब झाले होते. दुसऱ्या दिवशी खालाच्या घराजवळच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली.

त्यांनी डॅशबोर्डवर बोट फिरवून ओल पाहिली. मग आत बसून दोन्ही तळव्यांनी काच हलकेच बाहेर रेटली. वरचा उजवा कोपरा सुटून वर आला. ना तार, ना पाते. त्यांनी आम्हाला जवळ बोलावले. "वास घ्या. हे न्हाणीघरातल्या फटी बुजवायचं सिलिकॉन आहे. आणि हे बघा, रंग गेला तिथे गंज धरला. गंजावर काहीही चिकटत नाही, चाचा."

मग त्यांनी विचारले, "पुढच्या सीटवर कोण बसतं?"

"अम्मी."

ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांनी नंतर जे समजावले ते आम्हाला या वयापर्यंत ठाऊक नव्हते. पूर्वीच्या गाड्यांची काच रबराच्या पट्टीत अडकवलेली असे. आताच्या मोटारींची काच चौकटीला चिकटवलेली असते आणि ती गाडीच्या सांगाड्याचाच भाग असते. गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून ती आधार देते. चालकाशेजारची एअरबॅग उघडते तेव्हा बहुतेक गाड्यांत ती आधी या काचेवर आपटते आणि काचेच्या टेकूनेच माणसाकडे वळते. काच सुटी असेल तर एअरबॅग काचेला ढकलून बाहेर जाते आणि समोर बसलेल्याला तिचा उपयोग होत नाही. 2021 पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना ही दुसरी एअरबॅग सक्तीची झाली. आमच्या गाडीत ती आहे, आणि जानेवारी ते जून ती असून नसल्यासारखी होती. त्या पाच महिन्यांत अम्मी त्या जागेवर किती वेळा बसल्या, याचा हिशेब आम्ही रात्री करत बसलो आणि मग सोडून दिला.

खरे तर काच स्वतः चांगली वस्तू आहे. 1903 साली फ्रान्समध्ये बेनेडिक्टस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचे एक भांडे पडले. ते तडकले पण विखुरले नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर सुकून बसला होता. त्यातून दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा घातलेली ही काच निघाली. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 100 प्रमाणे मोटारीची पुढची काच अशीच, म्हणजे लॅमिनेटेड, असावी लागते आणि तिला आय.एस. 2553 हे मानक लागू आहे. काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचे नाव आणि मानकाची खूण छापलेली असते. गंमत म्हणजे अशा काचा आपल्याच जिल्ह्यात, चाकणजवळच्या कुरुळीत तयार होतात. वस्तू इतक्या जवळची आणि चोख, आणि सगळे बिघडते ते शेवटच्या दोन तासांत, आपल्या दारात.

कारण चिकटवायचे सीलंट, ज्याला कारागीर पी.यू. म्हणतात, ते हवेतला ओलावा शोषून घट्ट होते. थंडी असेल, हवा कोरडी असेल तर त्याला जास्त वेळ लागतो. आमच्याकडे शिरूरला जानेवारीची संध्याकाळ थंडही असते आणि कोरडीही. गाडी किती वेळाने हलवायची हे त्या त्या नळीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते; कुठे एक तास, कुठे कितीतरी जास्त. नळीला मुदतही असते. चौकटीवर धूळ, घामाचा हात किंवा पावसाचा थेंब चालत नाही, आणि रंग खरवडला असेल तर आधी प्रायमर लावून तो सुकू द्यावा लागतो.

कुरकुंभला नोकरी करणाऱ्या खालांच्या जावयांची गोष्ट वेगळी. त्यांची काच नीट बसली, पण "एक रुपया द्यायचा नाही, क्लेम आम्हीच करतो" म्हणून त्या लोकांनी पॉलिसी, आरसी आणि मोबाईलवर आलेला ओटीपी घेतला. काचेच्या किमतीवर विम्यात घसारा कापत नाहीत हे खरे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1000 रुपये आपण भरायचे, तेही त्यांनी सोडले म्हणे. पुढच्या वर्षी पॉलिसीचे नूतनीकरण करताना जावयांना कळले, की पाच वर्षे क्लेम न करता जमवलेली 50 टक्क्यांची सवलत शून्यावर आली आहे. काच होती काही हजारांची. ही सवलत गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते आणि पुन्हा 20 टक्क्यांपासून एकेक पायरी चढावी लागते. दोन्ही आकडे कागदावर मांडून मग ठरवायचे होते. पण ते मांडायला ज्याने सांगायचे, त्यालाच काच विकायची होती. जुन्या काचेसोबत त्यांचा फास्टॅगही फाटून गेला, आणि पाटसच्या टोलवर ते कळले.

सगळेच असे नाहीत. केडगावच्या आमच्या परिचितांकडे आलेल्या कारागिराने टेम्पोतून उतरून आधी आभाळ पाहिले. वारा सुटला होता. "आज बसवणार नाही. शेड असेल तर सांगा, नाहीतर सकाळी येतो," म्हणाला. घरातले चिडले, पोराला सोडायला जायचे होते. तो परत गेला, फेरीचे पैसेही मागितले नाहीत. सकाळी येऊन गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम केले, नळीवरची तारीख दाखवली, काच टेपने धरून ठेवली, दार आपटू नका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा म्हणाला. छापील बिल दिले. दोन पावसाळे झाले, थेंब आत आलेला नाही. ज्याला शेड, उजेड आणि वेळ हवा असतो, त्याला आपण खोळंबा करणारा समजतो, हेच आमचेही चुकले होते.

तक्रारीचेही पाहिले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत जाता येते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, सेवा देणारा कुठलाही असो. आम्ही 1915 ला फोन केला. समोरून पहिली मागणी बिलाची. आमच्याकडे पैसे पाठवल्याची नोंद होती, ज्यात एका मुलाचे नाव होते, दुकानाचे नव्हते. तक्रार नोंदवली आहे, बघू.

दौंडच्या मिस्त्रींनी गंज घासला, प्रायमर लावला, नवी काच बसवली आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. "उद्या दुपारी या," एवढेच म्हणाले. खालांनी मुक्कामाचा आग्रह केला, पण सकाळी कामावर हजर व्हायचे होते. आम्ही आणि अम्मी एस.टी.ने शिरूरला परतलो. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. अम्मींनी आधी पुढच्या सीटखालचे पायपुसणे हाताने चाचपले, मग काचेवर बोटाने दोनदा टिचकी मारली आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. अजून तिथेच बसतात.