शाळेचा ग्रुप कुणाच्या घरात?

आमच्या आजऱ्यासारख्या तालुक्यात शाळेचा अर्धा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. परिपत्रकं, पटसंख्या, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, मुलांच्या आधार कार्डांचे फोटोसुद्धा. त्यातच वाढदिवसाचे केक. माझं म्हणणं असं, की शिक्षकांचं कामाचं बोलणं आता स्वतःच्या सर्व्हरवर न्यावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'ते तर एन्क्रिप्टेड आहे.' आहे, २०१६ पासून आहे. वाटेत कुणी वाचत नाही, मान्य. पण तो आधारचा फोटो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत जाऊन बसतो आणि गुरुजींची बदली झाली की त्यांच्यासोबत दुसऱ्या तालुक्यात जातो. पालकांनी ती अमानत शाळेकडे दिलेली असते, आमच्या खाजगी फोनकडे नाही.

फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी 'चॅप' हे अ‍ॅप 'मॅट्रिक्स' या खुल्या प्रणालीवर उभं केलं. मॅट्रिक्समध्ये गुप्तता पक्की, पण किल्ली हरवली की जुने मेसेज कायमचे बंद. शालार्थचा पासवर्ड विसरणाऱ्या आम्हा लोकांना ते झेपेल असं वाटत नाही! शाळेसाठी मी 'झुलिप' निवडेन. तेही खुलं, फुकट बसवता येतं. दोन जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर एका शाळेला पुरतो. त्यात प्रत्येक मेसेज विषयाखाली जातो. शिष्यवृत्तीचं बोलणं एकीकडे, सहलीचं दुसरीकडे. मार्च महिन्यात शोधाशोध नको. शाळा सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करता येतं. आधीच उतरवून घेतलेला फोटो मात्र कुठलाच सर्व्हर परत आणत नाही.

उणीव मोठी आहे. झुलिपमध्ये सर्व्हर सांभाळणारा माणूस सगळं वाचू शकतो. म्हणून प्रश्न अ‍ॅपचा कमी, माणसाचा जास्त. एका हौशी शिक्षकाच्या हाती किल्ली दिली तर त्याच्या बदलीबरोबर तीही जाईल. दोघांकडे हवी, आणि बॅकअप तिसऱ्या जागी. हे एकट्या शाळेचं काम नाही. संस्थेने किंवा तालुक्याने मिळून करावं. सर्व्हर ऑफिसच्या टेबलाखाली ठेवायचा विचारही नको. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल, याचा नेम नसतो.

आणि बसवण्याआधी एकाच मेसेजात उर्दू आणि मराठी लिहून बघावं. उजवी-डावीकडून येणाऱ्या ओळी एकमेकींत घुसल्या, तर आमच्यासारख्यांना ते अ‍ॅप बिनकामाचं.

पालकांचा ग्रुप मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू द्यावा. मुंबईला कामाला असलेले बाप तिथेच सापडतात.