छतातलं कमळ

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना लोणार तालुक्यातली पोरं मी २८ वर्षं बसवली. संकल्पचित्राचा पेपर आला, की हमखास एकच फूल: गाइडातलं, पाच पाकळ्यांचं, बाजूला दोन पानं. कोणतं फूल रे हे? "डिझाइनचं हाय सर."

एकदा वैतागून अख्खा वर्ग तळ्याकाठच्या एका जुन्या देवळात नेला आणि सभामंडपात उताणा झोपवला. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकत मोकळी जागा आवळत आणायची आणि उरलेलं तोंड एकाच दगडानं बंद करायचं, ही त्या कारागिरांची रीत. त्या शेवटच्या दगडावर कमळ. उलटं, खाली आपल्याकडं तोंड करून उमललेलं. वटवाघळांच्या उग्र वासात पोरं पाकळ्या मोजू लागली. आतल्या ओळीत आठ भरल्या. एक जण म्हणाला, "सर, तयात त एक बी कमय नाई, मंग हे कुठून आलं?"

बिनतोड सवाल. लोणारच्या खाऱ्या पाण्यात कमळ कुठलं उगवायला! पाथरवटानं फूल नव्हतंच कोरलं, देवाचं आसन कोरलं होतं. आठ पाकळ्या म्हणजे आठ दिशा, मधे देव. मी हे सांगायच्या आत मागून एक मुलगी बोलली, "आमची आजी चौरंगावर तांदयाचं असंच काढते. अष्टदळ म्हणते त्याले."

गाइडात हे नाही. आमच्या अभ्यासक्रमाला आजी दिसत नाही, देऊळही दिसत नाही. लोणार, मेहकर, सातगाव, सिंदखेडराजा, एवढी कोरीव कामं जिल्ह्यात असताना पोरांनी छापील फुलं गिरवावीत, हे मला तेव्हाही पटत नव्हतं. संकल्पचित्राच्या आधी एक तास देवळात, ही सक्तीच करा.

पण लवकर करा. परवा एका गावी जीर्णोद्धार बघायला गेलो. छताच्या कमळाला गुलाबी ऑइलपेंट, कडांना पिवळा. लोणारचं तळं २०२० साली गुलाबी झालं ते सूक्ष्मजीवांमुळं. हे कमळ झालं वर्गणीतून. भक्तीबद्दल शंका नाही. पण दगडातली पाकळी दिसते ती तिच्याखालच्या सावलीमुळं, आणि रंगाच्या थरानं खाचा बुजल्या, की सावली संपली. मान वर करून मोजायला लागलो. सहाव्या पाकळीवर रंगाचा जाड ओघळ सुकला होता. ती कुठं संपते आणि सातवी कुठं सुरू होते, ते कळेना.