खरखर पुसण्याची घाई

जुन्या रेकॉर्डचं डिजिटायझेशन म्हणून सध्या जे चाललंय, त्यातलं बरंचसं जतन नाही, रंगसफेदी आहे. स्वस्त यूएसबी टर्नटेबल आणायचं, रेकॉर्ड वाजवायची, नॉइज रिडक्शन शेवटपर्यंत ओढायचं, एमपी-थ्री बनवून त्यावर आपल्या चॅनेलचं नाव छापायचं आणि रेकॉर्ड भंगारात द्यायची. मी संभाजीनगरात दिवसभर कोड लिहितो आणि रविवारी हेच काम घरच्या कॉम्प्युटरवर करतो. त्यामुळे हे भांडण घरातलंच समजा.

आधी खरखरीबद्दल. सॉफ्टवेअर गाणं नसलेल्या जागेतून खरखरीचा नमुना घेतं आणि त्या पातळीखालचं सगळं दाबून टाकतं. तंबोरा म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. तंबोऱ्याचा बारीक झंकार, सारंगीच्या गजाची घासट, गायिकेने घेतलेला श्वास हे सगळं खरखरीच्याच आसपास असतं, आणि तिच्याबरोबरच जातं. उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. गंमत म्हणजे बरीचशी खरखर आपणच वाढवलेली असते. लाखेच्या 78 च्या तबकडीची खाच रुंद, तिला साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई 18 मायक्रॉनच्या आसपास. ती या खाचेत तळाशी, कचऱ्यात घासत जाते.

दुसरी गोष्ट वेगाची. '78' हा आकडा सगळ्या जुन्या तबकड्यांना लागू नाही. सुरुवातीच्या काळात वेग कमीजास्त असायचा. मिनिटाला 74 फेऱ्यांवर कोरलेली तबकडी 78 वर वाजवली, तर गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतं. काळी चारमध्ये गायलेलं पांढरी सहात ऐकू येतं. उद्या कुणी ते ऐकून त्या गायिकेच्या पट्टीवर लेख लिहील आणि चूक पक्की होईल.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, मोबाइलवर कोण ऐकणार ती खरखर?" कबूल. मोबाइलसाठी साफ केलेली प्रत जरूर काढा. पण ती मूळ फाइलची प्रत असू द्या, मूळ फाइलच्या जागी नको. साडेतीन मिनिटांची एक बाजू 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झ, स्टिरिओत घेतली तर सुमारे 120 एमबी होते. तुमच्या फोनमधला एका मिनिटाचा फोर-के व्हिडिओ यापेक्षा जास्त जागा खातो. साफसफाईची सॉफ्टवेअर्स दरवर्षी सुधारतायत. कच्ची फाइल असेल तर दहा वर्षांनी पुन्हा साफ करता येईल. पुसलेला तंबोरा मात्र परत आणता येत नाही.

1902 साली कलकत्त्यात गैसबर्गने गौहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हापासून कितीतरी गायक-गायिकांचं आपल्याकडे उरलंय ते एवढंच, तीन-तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांची ओळख लेबलवर आणि तबकडीत कोरलेल्या क्रमांकात असते. मुंबईतल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ची मंडळी 1990 पासून अशा नोंदींसाठी खपतायत. आणि आपण 'ओल्ड मराठी साँग रेअर' असं नाव देऊन मोकळे होतो. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. शब्द आणि चालीचा हिशेब वेगळा. तुमच्या चॅनेलचा हक्क यात कुठेच बसत नाही. मग गायिकेचं नाव गाळून स्वतःचं छापायचं ते कशाच्या जोरावर?

मागणी मोठी नाही. योग्य सुई वापरा. कच्ची फाइल ठेवा. लेबलचा फोटो, क्रमांक, वेग आणि सुई यांची नोंद फाइलसोबत जोडा. आणि तबकडी भंगारात देऊ नका. शेजारच्या घरातली रेकॉर्ड तुमच्या हाती येते तेव्हा ती वाजवणारे कदाचित तुम्ही शेवटचे असाल. निदान पुढच्याला ऐकू येईल, इतकं तरी शिल्लक ठेवा.