राखीव प्रतीची परीक्षा कोण घेणार?

२१ मार्च २०२१ च्या पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची संगणक यंत्रणा एकाएकी बंद पडली. खंडणीखोरांच्या घातक आज्ञावलीने महामंडळाच्या सर्व्हरवरील माहिती जणू कुलूपबंद करून टाकली होती. खंडणीच्या आकड्याची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने महामंडळाच्या निवेदनातील एक वाक्य मात्र दुर्लक्षित राहिले. राखीव प्रती जाळ्याच्या निराळ्या भागात ठेवलेल्या असल्याने त्यांना बाधा पोहोचली नाही, असे ते वाक्य होते.

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावच्या शेतकऱ्याला याचे काय, असे कोणी विचारील. त्याच्या कर्जत तालुक्यात औद्योगिक वसाहतीवरून आजवर राजकीय भांडणेच अधिक झाली, हेही खरे. परंतु त्याचा सातबारा आता तलाठ्याच्या दप्तरात नाही, तो सर्व्हरवर आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. वारसनोंद, खरेदीखताचा फेरफार, सोसायटीचा बोजा, सारे त्या यंत्रणेत जाते आणि पीककर्जाचे कागद त्यावरच पुरे होतात. पूर्वी दप्तराला वाळवी लागली तर एका सज्जाचे नुकसान होई. आता एका सर्व्हरच्या दुखण्याने सबंध जिल्ह्याचे, किंबहुना राज्याचे व्यवहार अडतात. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे सेतू केंद्रातील उत्तर ग्रामीण माणसाच्या अंगवळणी पडले आहे. पण तो 'उद्या' नेमका कशावर अवलंबून असतो?

तो अवलंबून असतो राखीव प्रत परत उभी करण्यावर, आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. जाळ्यावरून प्रत आणावयाची म्हटली की वेळेचा हिशेब आलाच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये असाच हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. एवढी माहिती सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाच्या तारेवरून, एकदाही खंड न पडता आणली तरी एकोणतीस तास लागतात. तेथे एक राखीव सर्व्हर सुदैवाने शाबूत होता, म्हणून रुग्णांची माहिती नव्या सर्व्हरवर परत आणता आली. तरीही कित्येक दिवस केसपेपर हातानेच लिहावे लागले.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. प्रत रात्री घेतली आणि बिघाड दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता झाला, तर मधल्या नोंदींचे काय? जुन्या पेढीवरील मुनीम खतावणी जळाली तरी मागची शिल्लक आणि रोजकीर्द यांवरून ती पुन्हा मांडू शके. संगणकातही प्रत्येक व्यवहाराची अशीच रोजकीर्द ठेवता येते. ती मूळ सर्व्हरवरच राहिली तर दोन्ही एकदमच जातात. प्रत सदैव मूळ यंत्रणेला जोडलेली असली तर आज्ञावली तिलाही ग्रासते, आणि क्षणोक्षणी जुळणारी प्रत मुळातली चूकही इमानाने उतरवून घेते. म्हणून एक प्रत जाळ्यापासून तोडलेली, दुसऱ्या गावी असावी लागते.

वस्तुतः प्रत घेतली जाते की नाही, हा प्रश्न आता गौण आहे. ती निराळ्या सर्व्हरवर उघडून, नोंदी मोजून पाहिली गेली काय, हा खरा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांत वाणिज्य बँकांना राखीव माहिती ठरावीक काळाने परत उभी करून तपासण्यास, तसेच महत्त्वाच्या यंत्रणांचा सराव वर्षातून किमान दोनदा करण्यास सांगितले आहे. ठेवीदाराच्या शंभर रुपयांसाठी जी दक्षता आवश्यक मानली गेली, ती शेतकऱ्याच्या दोन एकरांसाठी अनावश्यक कशी ठरेल?

महसूल खात्याने भूमी अभिलेखांची अशी चाचणी दर सहा महिन्यांनी घ्यावी आणि तिचा निकाल तहसील कचेरीच्या फलकावर लावावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: प्रत कोणत्या तारखेची होती, ती उभी करण्यास किती तास लागले, आणि मधल्या किती नोंदी हाताने पुन्हा कराव्या लागल्या. मिरजगावच्या वारसदाराला फेरफाराच्या अर्जाची दिनांकित पोच द्यावी आणि नोंद सर्व्हरमधून नाहीशी झाल्यास ती पोच पुरावा म्हणून ग्राह्य धरावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, एक शासन निर्णय पुरे.